कडेवरचे रोप : सातारा-सांगलीतून निघालेल्या मोजणीच्या वाटा

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतली एक मुलगी घरी आली. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून अर्थशास्त्रात एम. ए. झालेली, हुशार, थोडी धास्तावलेली. तिने मोबाइलवर एक जाहिरात दाखवली. एका आंतरराष्ट्रीय संस्थेला विकासविषयक संशोधन आणि कार्यक्रमांचे मूल्यमापन यासाठी तरुण माणसे हवी होती. तिने विचारले, “काका, यात शिरायचं कसं? तुम्ही पूर्वी असलं काम केलंय ना?”

केले होते, हे खरे. पण मी कऱ्हाडच्या एका पतसंस्थेत हिशेब लिहिणारा माणूस. शिक्षण बी. कॉम., तेही दुसऱ्या वर्गात. गेली तीसेक वर्षे संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी जुने पाहणी-अहवाल जमवून वाचणे हा माझा छंद आहे. लोक त्याला संशोधन म्हणतात, तो त्यांचा मोठेपणा. तिला त्या दिवशी मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. ती गेल्यावर मात्र प्रश्न डोक्यातून जाईना. ‘शिरायचं कसं’ याचे उत्तर आधी कोण कसे शिरले यात असते. आणि सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांपुरते पाहिले तरी या वाटेने गेलेली माणसे थोडीथोडकी नाहीत. त्यांतली काही रोम-लंडनपर्यंत पोचली. त्यांचा मागोवा घेताना मला माझ्याही एका जुन्या गोष्टीपाशी थांबावे लागले. ती गोष्टही या लेखात येईल, कारण ती वगळून हा लेख लिहिणे खोटेपणाचे झाले असते.

साताऱ्याच्या वकिलाचा पैसा, वाईची शेते

गावाची पाहणी करायची, घरटी माहिती घ्यायची, तिची कोष्टके करायची आणि त्यावरून धोरणाविषयी बोलायचे, ही रीत आपल्याकडे शंभर वर्षांहून थोडी जुनी आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी १९१७ साली पिंपळे सौदागरचा आणि १९२१ साली जातेगाव बुद्रुकचा अभ्यास प्रसिद्ध केला. जमिनीचे तुकडे किती, कर्ज किती, वर्षभर घर चालते का, हे त्यांनी दारोदार जाऊन काढले. पण ही एका माणसाची जिद्द होती. काम पिढ्यानपिढ्या चालायचे तर संस्था लागते, आणि संस्थेला पैसा लागतो.

तो पैसा साताऱ्यातून आला. रावबहादूर आर. आर. काळे हे साताऱ्याचे नामांकित वकील. भारत सेवक समाजाकडे त्यांनी सोपवलेल्या देणगीतून ६ जून १९३० रोजी पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली. पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. केंब्रिजला शिकून आलेला हा माणूस पुढे १९६६ पर्यंत त्या खुर्चीत होता, आणि नंतर नियोजन मंडळाचा उपाध्यक्ष झाला. संस्थेच्या पहिल्या दशकातल्या कामांत एक काम साताऱ्याचेच आहे. १९४० साली गाडगीळ आणि व्ही. आर. गाडगीळ यांनी वाई तालुक्यातील शेतीच्या धंद्याची पाहणी प्रसिद्ध केली.

‘शेतीचा धंदा’ हा शब्दच त्या काळी नवा होता. शेती हा धर्म, शेती हे पोट, शेती हे नशीब, असे सगळे म्हणत. तिचा धंदा म्हणून हिशेब मांडायचा म्हणजे घरच्या माणसांच्या राबण्याला दाम लावायचा, बैलाच्या वैरणीचा खर्च धरायचा, घरचेच शेणखत वापरले तरी त्याची किंमत लिहायची. वहीत मजुरी फक्त बाहेरच्या गड्याचीच लिहायची, हा आपला जुना शिरस्ता. तो मोडला की अनेक शेते कागदावर तोट्यात जातात. पतसंस्थेत कर्जाचे अर्ज तपासताना मी आजही हाच खेळ पाहतो. शेतकरी म्हणतो, नफा आहे. मी विचारतो, बायकोची मजुरी धरली का? तो हसतो. हा प्रश्न मी वाईच्या पाहणीकडून शिकलो, कुठल्या कॉलेजात नव्हे.

बुधचा मुलगा आणि शेतातले वर्तुळ

आमचे मूळ गाव खटाव तालुक्यात, पुसेगावच्या पलीकडे. सेवागिरी महाराजांच्या यात्रेला लहानपणी चालत जायचो. त्याच तालुक्यातल्या बुध गावी २७ जुलै १९११ रोजी पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म झाला. हे नाव मला तिशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हते. गावच्या शाळेत कोणी सांगितले नाही. सैन्यात गेलेल्यांची नावे आम्हाला पाठ होती, मोजणीत गेलेल्याचे नव्हते.

सुखात्मे १९३२ साली फर्ग्युसन महाविद्यालयातून गणित घेऊन पदवीधर झाले. पुढल्या वर्षी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले. नमुना पाहणीचे शास्त्र ज्यांच्या हातून घडत होते ते नेमन आणि धाकटे पिअर्सन तेव्हा तिथेच होते. १९३६ साली सुखात्म्यांनी पीएच. डी. मिळवली. परतल्यावर १९४० पासून ते कृषी संशोधन परिषदेत संख्याशास्त्राचे काम पाहू लागले आणि लंडनचे गणित थेट उभ्या पिकात उतरले.

प्रश्न साधा होता. देशात धान्य किती पिकले? तोवरची पद्धत आणेवारीची. गावकामगाराने नजर फिरवायची आणि पीक सोळा आण्यांपैकी किती आणे आहे ते सांगायचे. त्याऐवजी चिठ्ठ्या टाकून शेते निवडायची, निवडलेल्या शेतात ठरावीक तुकडा आखायचा, तेवढेच पीक कापून, मळून, वजन करायचे आणि त्यावरून सगळ्या जिल्ह्याचा अंदाज काढायचा, ही पीक कापणी प्रयोगाची पद्धत पुढे आली. इथे कोलकात्याचे प्रशांतचंद्र महालनोबिस आणि सुखात्मे यांच्यात गाजलेला मतभेद झाला. महालनोबिसांच्या पाहण्यांत तुकडे लहान असत, दोन-चार फूट त्रिज्येची वर्तुळे. लहान तुकड्याला वेळ कमी लागतो, म्हणून अनेक ठिकाणी जाता येते. सुखात्म्यांचे म्हणणे असे, की लहान तुकड्यात उत्पन्न हटकून जास्त निघते.

का? वर्तुळाच्या रेषेवरच उभे असलेले रोप घ्या. ते आत धरायचे की बाहेर? मोजणाऱ्याचा हात नकळत त्याला आत ओढतो. त्यात लबाडी नसते, ही माणसाची खोडच आहे. आता त्रिज्या दुप्पट करा. परीघ दुप्पट होतो, पण क्षेत्रफळ चौपट होते. म्हणजे तुकडा मोठा झाला की कडेवरच्या रोपांचा वाटा निम्म्यावर येतो आणि चूक विरघळते. तुकडा लहान असेल तर चूक डोक्यावर बसते.

हे वाचले तेव्हा मी पानावर बोट ठेवून बराच वेळ बसलो होतो. पानसे आणि सुखात्मे यांचे शेतीतील कामगारांसाठी लिहिलेले संख्याशास्त्राचे १९५४ चे पुस्तक मला पुण्यात जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळाले. गणित निम्मे कळले, निम्मे नाही. वाईहून निघणाऱ्या मराठी विश्वकोशाचे खंड नगर वाचनालयात बसून पाहिले आणि उरलेल्यातले थोडे उलगडले. पण एक गोष्ट पक्की समजली. चुका दोन जातीच्या असतात. काही इकडे-तिकडे होतात आणि बेरजेत एकमेकींना खातात. काही मात्र सगळ्या एकाच बाजूला कलतात. त्या कितीही फॉर्म भरले तरी जात नाहीत. उलट फॉर्म वाढतील तसा खोट्या आकड्यावरचा विश्वास वाढतो.

सुखात्मे १९५१ च्या सुमारास संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले आणि जवळपास दोन दशके रोममध्ये जगाच्या भुकेचा हिशेब मांडत राहिले. दोन तृतीयांश मानवजात उपाशी आहे, असे तेव्हा मोठमोठी माणसे बोलत. सुखात्म्यांनी १९६१ साली लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे आकडा मांडला : पोटभर न मिळणारे १० ते १५ टक्के, आणि कुपोषणाची झळ धरली तर निम्म्यापर्यंत. आकडा लहान केला म्हणून टीका झाली. पण उपाशी माणसाचे भले मोठ्या आकड्याने होत नाही, बरोबर आकड्याने होते, यावर त्यांची श्रद्धा होती.

दुसरा सातारकर

दुसरे नाव वि. म. दांडेकर. जन्म ६ जुलै १९२०, सातारा. संख्याशास्त्र शिकले ते मात्र महालनोबिसांच्या हाताखाली कोलकात्याला. तिथून गोखले संस्थेत आले आणि पुढे गाडगिळांच्या मागून तिचे संचालक झाले.

आज ज्याला मूल्यमापन म्हणतात त्याचा आपल्याकडचा एक अस्सल नमुना दांडेकर आणि खुदानपूर यांनी १९५७ साली दिला. विषय होता १९४८ चा मुंबई कुळकायदा. कायदा झाला, पण गावात काय झाले? त्यांनी गावोगावचे दप्तर तपासले. कुळांनी जमिनी ‘राजीखुशीने’ सोडल्याच्या नोंदी मोठ्या प्रमाणावर आढळल्या. ज्याला कायद्याने नुकतेच संरक्षण दिले तो माणूस राजीखुशीने जमीन कशी सोडेल, हा प्रश्न त्या कोष्टकांतून सरळ उभा राहत होता. सरकारला हे रुचण्यासारखे नव्हते. पण मूल्यमापन करणाऱ्याचा धंदाच तो : कागदावरची राजीखुशी आणि बांधावरची राजीखुशी यांतले अंतर मोजायचे.

याच सुमारास दिल्लीतही या कामाचे खाते सुरू झाले होते. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समूह विकास प्रकल्प सुरू झाले आणि त्याच महिन्यात त्यांची पारख करण्यासाठी नियोजन मंडळाने कार्यक्रम मूल्यमापन संघटना उभी केली. तिचे पहिले संचालक पुण्याचे प्रा. द. गो. कर्वे. कार्यक्रम आणि त्याची पारख एकाच महिन्यात सुरू व्हावी, ही गोष्ट आजही मला अप्रूपाची वाटते. एरवी आपल्याकडे आधी उद्घाटन होते, मग गाजावाजा, आणि पारख झालीच तर शेवटी.

दांडेकरांचे नाव सर्वदूर झाले ते १९७१ साली. नीलकंठ रथ यांच्यासह त्यांनी ‘भारतातील दारिद्र्य’ हा अभ्यास प्रसिद्ध केला. तो फोर्ड फाउंडेशनच्या सांगण्यावरून हाती घेतलेला होता. त्यांनी माणशी दररोज २,२५० कॅलरी ही खूण धरली, तेवढे अन्न मिळवणाऱ्या घरांचा खर्च किती ते काढले आणि १९६०-६१ च्या किमतींना खेड्यात महिना माणशी १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये ही रेषा आखली. खेड्यांतली सुमारे ४० टक्के आणि शहरांतली सुमारे ५० टक्के माणसे तिच्याखाली निघाली. उपाय सांगितला तो खेड्यापाड्यांत मजुरीची कामे काढण्याचा, मागेल त्याला रोजगार देण्याचा.

पुढे १९८१ साली हे दोन सातारकर समोरासमोर आले. सुखात्मे म्हणाले, एकाच माणसाची गरज दिवसागणिक, आठवड्यागणिक बदलते. शरीर कमी-जास्त खाण्याशी जुळवून घेते. सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी धरणे चूक. खूण सरासरीच्या बरीच खाली हवी. तसे केले की उपाशी माणसांची संख्या खूप उतरते. त्यांचा भर स्वच्छ पाणी, रोगराई आणि परिसर यांवर होता. दांडेकर म्हणाले, दारिद्र्य म्हणजे नुसती शरीराची भूक नव्हे. अमुक अन्न विकत घेण्याची ऐपत नसणे हेही दारिद्र्यच. वाद इंग्रजीत झाला, समीकरणांसह झाला आणि जगभर वाचला गेला.

मी तो वाद एकदा आईला समजावून सांगितला होता. १९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. मी दोन वर्षांचा, बाभळीला बांधलेल्या झोळीत. तिने मिलो खाल्ला आहे, सुकडी घरी आणून आम्हा भावंडांना वाटली आहे. सगळे ऐकून ती म्हणाली, “आरं, पण मापलं कुणी? खाणाऱ्यानं का वाढणाऱ्यानं?”

मी निरुत्तर झालो. घराचा सरासरी आकडा काढला की सगळ्यात शेवटी जेवणारी बाई त्यात दिसत नाही. दोन्ही मोठ्या माणसांच्या मांडणीत जे घर होते त्या घरात वाढणारी आणि खाणारी एकच धरली होती.

विसापूर ते वॉशिंग्टन

मजुरीची हमी ही कल्पना मात्र पुण्यात नव्हे, सांगली जिल्ह्यात आधी रुजली होती. तासगाव तालुक्यातील विसापूरचे वि. स. पागे १९६० ते १९७८ विधान परिषदेचे सभापती होते. त्यांच्या प्रयत्नातून १९६५ साली तासगाव तालुक्यात हा प्रयोग झाला : काम मागणाऱ्याला गावाजवळ काम द्यायचे आणि त्या कामातून शेतीला उपयोगी असे काहीतरी उभे करायचे. आधी लहान जागी करून पाहायचे, मग वाढवायचे. आजच्या भाषेत याला पथदर्शी प्रकल्प म्हणतात. पाग्यांनी तो शब्द वापरला असो वा नसो, रीत तीच होती.

१९७२ साली योजना राज्याची झाली आणि लगेच दुष्काळाने तिला गिळले. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. त्या ५० लाखांत माझी आई एक. पुढे १९७५ पासून शहरी नोकरदारांवर व्यवसाय कर बसला आणि त्यातून रोजगार हमीला पैसा मिळू लागला. १९७७ साली कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणे हा कायद्याने हक्क झाला.

मग पारख सुरू झाली. नियोजन मंडळाची मूल्यमापन संघटना आणि राज्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय यांचा संयुक्त अहवाल १९८० साली निघाला. लोकसंख्याशास्त्रज्ञ कुमुदिनी दांडेकर यांनी १९८३ साली या योजनेकडे बायकांच्या रोजगाराची संधी म्हणून पाहिले. माझ्या आईसारख्या बाया अखेर कोष्टकात दिसू लागल्या. मे १९८८ मध्ये मजुरी दुपटीने वाढली. पुढे काय झाले ते मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी यांनी योजनेच्या मासिक हजेरीच्या आकड्यांवरून काढले आणि १९९३ साली छापले : मजुरी वाढल्यानंतर काम मागेल त्याला मिळेनासे झाले, हमी पातळ झाली. मुकादमाने बांधावर भरलेला हजेरीपट असा फिरत फिरत वॉशिंग्टनला जाऊन पोचला होता. तो बांधावर नीट भरला गेला नसता तर वॉशिंग्टनच्या गणिताला काही अर्थ उरला नसता.

कोयनेच्या वाटेचाही उल्लेख इथे करायला हवा. धरणात गेलेल्या गावांतली माणसे साताऱ्यात, सांगलीत, सोलापुरात, कोकणात विखुरली. इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी त्यांची पाहणी केली, ती १९६९ साली प्रसिद्ध झाली. माणसे उठल्यावर विचारलेले प्रश्न होते ते. उठवण्याआधी विचारायची रीत आपल्याकडे अजून नीट पडलेली नाही. आणि उलटी वाटही याच मुलखाने पाहिली. अमेरिकेतून संशोधनासाठी आलेल्या गेल ऑम्वेट वाळवा तालुक्यातल्या कासेगावच्या होऊन गेल्या. १९८० च्या दशकात खानापूर तालुक्यात मुक्ती संघर्ष चळवळीतल्या शेतकऱ्यांनी आपल्या दुष्काळाचा अभ्यास आपणच केला, येरळेच्या वाळूचा आणि पाण्याचा हिशेब मांडला आणि बळवडी-तांदूळवाडीला बळीराजा धरण उभे केले. ज्यांची मोजणी व्हायची त्यांनीच पट्टी हातात घेतली.

माझा एक फॉर्म

आता माझे. १९९४ साली मी चोवीस वर्षांचा, बेकार. परदेशी पैशावर चाललेल्या एका पाहणीसाठी पोरे हवी आहेत, असे मित्राने सांगितले. रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना १९९० मध्ये सुरू झाली होती. कोरडवाहू रानात बोर, डाळिंब, आंबा लावायचा, अनुदान तीन वर्षांत हप्त्याहप्त्याने, झाडे किती जगली त्यावर. आमचे काम शेतावर जाऊन जिवंत झाडे मोजायचे. दर फॉर्मला बारा रुपये, एसटीचे भाडे वेगळे. दोन दिवसांचे प्रशिक्षण, एक पाटी, एक पेन. माझी ‘कारकीर्द’ अशी सुरू झाली.

उमदीच्या बाजूला, जत तालुक्याच्या कानडी पट्ट्यात, दिवसाचा शेवटचा फॉर्म एका वस्तीवरचा होता. रस्त्यापासून तासभर चालत. घरी एक म्हातारी, तिला मराठी येईना, मला कानडी. तिने हाताने कुठेतरी लांब दाखवले. उन्हे कलली होती, शेवटची गाडी सहाला. कृषी सहायकाच्या नोंदवहीतला आकडा माझ्याकडे उतरवलेला होता : लावलेली बोरे शंभर, जिवंत शहाण्णव. मी शहाण्णव लिहिले आणि गाडी गाठली.

दीड वर्षाने एका लग्नासाठी त्याच बाजूला जाणे झाले. का कुणास ठाऊक, वाट वाकडी केली. रान मोकळे होते. एकही झाड नव्हते, आळ्यांचे खड्डे तेवढे ओळीने दिसत होते. म्हातारीचा मुलगा भेटला, तो मराठी बोलायचा. म्हणाला, पहिल्याच उन्हाळ्यात वाळली. बायको दोन मैलांवरून घागरी आणून घालायची, मग तिला दिवस गेले, मग बंद झाले. मी कोण ते मी त्याला सांगितले नाही. घरी येऊन त्या संस्थेला पत्र लिहिले. उत्तर आले नाही. अहवाल तोवर छापून झाला होता.

पुष्कळ वर्षे मी स्वतःची समजूत घातली, की शेकडो फॉर्मांत एका फॉर्मने काय होते. सुखात्म्यांचे वर्तुळ वाचले त्या दिवशी ही समजूत मोडली. माझी चूक एकट्याची नव्हती आणि इकडे-तिकडे होणारीही नव्हती. दमलेला प्रत्येक पोरगा नोंदवहीतलाच आकडा उचलणार, आणि नोंदवहीत झाडे जास्तच असणार, कमी कधीच नाहीत. सगळ्यांच्या चुका एकाच बाजूला कलणार. आम्ही सगळ्यांनी मिळून कडेवरचे रोप आत ओढले होते. आणि जे बाहेर राहिले ते म्हणजे त्या बाईच्या डोक्यावरची घागर. फॉर्ममध्ये पाण्याचा स्रोत विहीर की नाला, हा रकाना होता. पाणी कोण आणते, हा रकाना नव्हता. आईने विचारलेला प्रश्न तोच.

त्या मुलीला

पीक विम्याचे भांडण आज गावोगाव आहे. एका मंडळातल्या सगळ्या शेतकऱ्यांना एकच उंबरठा लावायचा, ही क्षेत्रावर आधारलेली कल्पना दांडेकरांनी १९७६ साली मांडली. तो उंबरठा ठरतो पीक कापणी प्रयोगावरून, आणि बहुतेक पिकांना तो दहा बाय पाच मीटरचा तुकडा असतो. ही सुखात्म्यांच्या वाटेची पद्धत. कॅलरीवरून भांडलेले दोन सातारकर असे एका शेतकऱ्याच्या रानात अजून एकत्र उभे आहेत. त्या पन्नास चौरस मीटरच्या दोरीजवळ जो माणूस वाकतो, त्याच्या हातावर गावाची भरपाई ठरते. तो माणूस बहुधा तरुण असतो, कंत्राटी असतो, आणि त्यालाही गाडी गाठायची असते.

मुलीला पुन्हा बोलावून घेतले. म्हटले, जाहिरातीतले मोठे शब्द तू शिकशीलच, संगणकावरची कोष्टके माझ्यापेक्षा चांगली करशील. पण सुरुवात खालून कर. निदान एक हंगाम स्वतः फॉर्म भर, नाहीतर पुढे दुसऱ्यांनी भरलेले फॉर्म तुला वाचता येणार नाहीत. जुन्या पाहण्या वाच, प्रश्न कसे विचारले गेले ते बघ. नमुना कागदावर हाताने काढायला शीक. जिथे जायचे तिथली भाषा थोडीतरी शीक. फॉर्ममध्ये जे मावत नाही त्यासाठी वेगळी वही ठेव. आणि चुकलीस तर त्याच दिवशी कळव, दीड वर्षाने नव्हे.

मग तिला ती बोरांची गोष्ट सांगितली. आजवर घरातही कोणाला सांगितली नव्हती. ती गप्प बसली. मग तिने विचारले, “काका, तुम्ही तेव्हा मोजायला गेला असता तर गाडी चुकली असती. मग राहिला कुठं असता?”

“त्या म्हातारीच्याच पडवीत,” मी म्हणालो. “भाकरीही मिळाली असती.”

तिला ती नोकरी मिळाली नाही. पण तसल्याच एका पाहणीत अन्वेषक म्हणून सहा महिन्यांचे काम मिळाले आहे. पुढच्या आठवड्यात ती जतला निघते. पानसे-सुखात्म्यांचे पुस्तक तिला दिले आहे, आणि एवढेच सांगितले आहे : शेवटची एसटी चुकली तर चुकू दे.